पडद्याआडचे शनिवार

मुलांनो, कल्पना करा, काल संध्याकाळी तुम्ही काय केलंत ते तुम्हाला मुळीच आठवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. परवाचं सगळं लख्ख आठवतंय, आजची सकाळही आठवतेय. मधली रात्र तेवढी कुणीतरी अलगद काढून नेलीय. आता ही कल्पना एका पैलवानाच्या डोक्यात बसवा. त्याचं नाव हिंदुराव चौगुले, गाव कोल्हापूर आणि काळ तुम्ही आजी-आजोबा व्हाल त्या सुमाराचा.

तेव्हाही कोल्हापुरात तालमी होत्या, हौदातली तांबडी माती होती. भिंतीवर बलमापक यंत्र तेवढं नवीन होतं. त्याची साखळी ओढली की गड्याचा जोर काट्यावर दिसे. आणि एक जुना नियम होता. कुस्त्यांचा हंगाम सुरू झाला की लग्न झालेल्या पैलवानानंही घरी झोपायचं नाही. नवरा-बायको जवळ आले की अंगातलं बळ ओसरतं, अशी ईश्वरा वस्तादांची पक्की समजूत होती. त्यांच्या वस्तादांचीही तीच होती. हिंदुरावालाही त्यात कधी शंका आली नाही.

त्या वर्षी डॉक्टर नसरीन मुल्लाणी तालमीत आल्या. खेळाडूंच्या शरीराचा अभ्यास हे त्यांचं काम. त्यांनी वस्तादांना विचारलं, बळ खरंच जातं का, हे कुणी तपासलंय का?

"तपासायचं काय त्यात?" वस्ताद म्हणाले. "मागं एक गडी घरी जाऊन आला, दुसऱ्या दिवशी पहिल्याच डावात उताणा."

"घरी गेला म्हणून पडला, की घरी गेल्याच्या धास्तीनं पडला?"

"दोन्ही एकच की."

"एकच नाही, वस्ताद. पण दोन्ही वेगळं करून बघायचं, तर आपण रात्री कुठं होतो हे गड्यालाच ठाऊक नसायला हवं."

त्यासाठी डॉक्टरांनी स्मृतिपडदा आणला होता. नाकात घालायचे थेंब. दिवसभराच्या आठवणी आपला मेंदू झोपेत पक्क्या करून ठेवतो. थेंब घेतल्यापासून सकाळपर्यंतच्या आठवणींपुरतं ते काम थांबे. माणूस नेहमीसारखा हसे, बोले, जेवे, सगळ्यांना ओळखे. फक्त सकाळी त्यातलं काही उरत नसे.

पैलवानांनी खुशीनं थेंब घेतले. काही घरी गेले, काही तालमीत राहिले. घरी गेलेल्यांना गाडी पहाटेच परत आणी, म्हणून जागे सगळे तालमीतच झाले. मग साखळी ओढली. दोन्ही गटांच्या जोरात काही फरक दिसला नाही. पुढच्या खेपेला थेंब न देता घरी पाठवलं, तेव्हा मात्र घरी गेलेल्यांचा काटा झरकन खाली आला.

"बळ बायको नेत नाही, वस्ताद," डॉक्टर म्हणाल्या. "धास्ती नेते."

त्यांनी हे पैलवानांनाही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी कुणीच गेलं नाही. सांगून जाते ती धास्ती कसली! तेव्हा वस्तादांनीच तोड काढली. हंगामभर दर शनिवारी सगळ्यांनीच थेंब घ्यावेत. मग ज्याला जायचं तो जाईल, राहायचं तो राहील; नियम मोडला असं कुणालाच वाटणार नाही. घरच्यांनी मात्र तोंड उघडायचं नाही. डॉक्टरांना हे फारसं रुचलं नाही, पण बायकापोरांचे चेहरे बघून त्यांनी होकार दिला.

आणि मग गंमत झाली. आपण काही घरी गेलो नाही, दुसरेच गेले असणार, याची प्रत्येक गड्याला खात्री होती. सगळ्यांत जास्त हिंदुरावाला.

"काय शिरपा," तो रविवारी सकाळी शेजारच्या गड्याला विचारी, "रात्री कालवण कशाचं होतं?"

"मला काय ठाऊक? वाटेत तुम्हीच भेटला असाल तर सांगा," शिरपा म्हणे.

हिंदुराव मिशीत हसे, दुपारी आखाड्यात उतरे आणि कुस्ती मारी. सांगलीची मारली, कराडची मारली, वारणेची मारली. आता उद्या शेवटची, मानाच्या गदेची कुस्ती होती.

त्या शनिवारी दुपारी त्याची बायको वैजयंता आणि धाकटी लेक जुई त्याला भेटायला आल्या. तालमीच्या पायरीवर बसून तो अभिमानानं सांगू लागला, की अख्खा हंगाम घराचा उंबरा बघितला नाही, म्हणून हे बळ टिकलंय. आता वर्षभर तालमीतच राहायचं ठरवलंय. आज थेंबही नकोत. ज्याचं मन डळमळतं त्यानं घ्यावेत.

वैजयंता दुसरीकडं बघत राहिली. जुई मात्र उठली आणि समोर येऊन म्हणाली, "आबा, उभं राहा."

तो हसत उभा राहिला. तिनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं, कोपर खाली दाबलं आणि आपला गुडघा त्याच्या पायामागं सरकवला. हिंदुरावाचं हसू थांबलं. हा डाव त्याचा स्वतःचा होता. उद्यासाठी राखलेला, वस्तादांनाही न दाखवलेला.

"हा कुणी शिकवला तुला?"

"तुम्हीच. शनिवारी."

"कुठल्या शनिवारी?"

"सगळ्याच. तुम्ही दर शनिवारी येता."

"जुई, वचन दिलंय आपण," वैजयंता म्हणाली.

"आबा येणारच नाहीत म्हणतात. मग वचन कशाला पाळायचं?"

आतून वस्ताद धावत आले आणि कपाळाला हात लावून खाली बसले. "गेली गदा," म्हणाले. हिंदुराव भिंतीला टेकला. मग हळूच त्यानं विचारलं, "सांगलीच्या आदल्या रात्री?"

"घरी होता."

"कराडच्या?"

"तेव्हा तर तुम्ही माझं पांघरूणपण ओढून घेतलं."

तो भिंतीपासून सरला. मग दाराशेजारच्या बलमापकापाशी गेला, पाय रोवले आणि साखळी ओढली. काटा सरसर वर गेला आणि रोजच्या जागी थांबला. वस्तादांनी येऊन यंत्रावर टिचकी मारली.

"बिघडलंय काय रे?"

हिंदुरावानं पुन्हा ओढली. काटा पुन्हा तिथंच.

"यंत्र बरोबर आहे, वस्ताद," तो म्हणाला. मग वैजयंताकडं वळला. "एवढे शनिवार झाले. मला एकही आठवत नाही गं."

"आम्हाला आठवतात," ती म्हणाली. "सांगीन सावकाश."

थेंबांची बाटली खिडकीत होती. हिंदुराव तिच्याकडं बघत उभा राहिला. वस्ताद हिंदुरावाकडं बघत राहिले.

जुई आत गेली. आबांचं अंथरूण तिनं ओढून काढलं, त्याची जमेल तशी वळकटी केली आणि डोक्यावर घेतली. वळकटी इतकी मोठी होती, की तिला पुढचं धड दिसत नव्हतं. तशीच ती पायऱ्या उतरली आणि मागं वळून न बघता घराच्या रस्त्याला लागली.