हजेरीचा बिगुल

हिवाळ्यात ही हकिकत आमच्या घरात कुणी काढत नाही.

पण ती खरी आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, मेजर जोसाया प्रुएट, यांच्या बाबतीत घडलेली. त्यांची बायको लव्हिनिया आणि त्यांचा सार्जंट क्लाइन, दोघांनीही ती आमच्या वडिलांना स्वतःच्या तोंडाने सांगितली. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

गोष्ट मेजरांच्या तरुणपणापासूनची, म्हणून एकेरीतच सांगतो.

जोसाया ओहायोतल्या शेतकऱ्याचा मुलगा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मिसरूड फुटायच्या आत तो घोडदळात शिरला. घोड्यावर असा बसायचा की वरिष्ठ बघत राहायचे. हनुवटीवर तलवारीचा वार झेलला आणि लेफ्टनंट झाला. युद्ध संपेपर्यंत कॅप्टन. मग डकोटाच्या माळावर, एका लहानशा ठाण्यावर त्याला धाडलं.

जानेवारी महिना होता. भर दुपार. तुकडी गस्तीवरून परतत होती.

पिछाडीला लेफ्टनंट वेंडेल क्राउडर, तुकडीचा बिगुलवाला आणि मूठभर माणसं. क्राउडर म्हणजे जोसायाचा जिवलग मित्र.

"पुढे हो कधीतरी," जोसाया त्याला म्हणाला होता.

"नको रे बाबा. तुझ्या घोड्याचं ढुंगण बघायची सवय झालीय. चेहरा बघवणार नाही."

दोघं हसले.

मग वारा एकदम पडला...

"कॅप्टनसाहेब, घोड्यांचे कान बघा," सार्जंट क्लाइन म्हणाला. लष्करात केस पिकलेला जर्मन माणूस. "त्यांना काहीतरी कळलंय."

उत्तरेकडून पांढरी भिंत आली. आभाळ गेलं, माळ गेला, पुढच्या घोड्याचं शेपूटही दिसेना. कसाबसा एका टेकाडाचा आडोसा मिळाला. माणसांना हाका मारून जवळ घेतलं.

पिछाडी आली नव्हती.

सगळे कान देऊन उभे राहिले. नुसता वारा.

आणि मग... मागून बिगुल वाजला.

हजेरीचा. रोज सकाळी ठाण्यावर वाजायचा तोच. स्पष्ट, सावकाश, जसं काही वादळ नव्हतंच.

जोसायाने घोडा वळवला. क्लाइनने लगाम धरला.

"सोड."

"साहेब, ही पोरं तुमच्या मागोमाग येतील. एकही परतायचं नाही."

बिगुल पुन्हा वाजला. आता जवळून.

क्लाइन सांगायचा, त्या वेळी साहेबाच्या गालावरचं पाणी गोठत होतं.

"पुढे चला," जोसाया म्हणाला.

उरलेली तुकडी जिवंत पोचली. चौकशी झाली. निर्णय योग्य ठरला, पाठ थोपटली गेली, पुढे त्याला मेजर केलं.

पण परतल्यावर तो आधी बराकीत गेला होता. क्राउडरच्या माणसांचे पलंग बघायला.

बिगुलवाल्याच्या पलंगाच्या वर, भिंतीला खुंटी होती...

खुंटीला बिगुल होता.

"चेपलाय तो," क्लाइन हळूच म्हणाला. "दुरुस्तीला द्यायचा म्हणून त्याने नेलाच नाही."

"मग आपण काय ऐकलं?"



बर्फ वितळल्यावर ती माणसं सापडली. त्या टेकाडाच्या अगदी मागे. मधे एक चढ तेवढा. घोडे, माणसं, सगळी जोसायाच्या तुकडीकडे तोंड करून. क्राउडर सगळ्यांत पुढे.

पुढे जोसायाची बदली अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात झाली. त्याला बरं वाटलं. तिथे बर्फ कुठला.

एका दुपारी तो अंगणात घोड्याला खरारा करत होता. ऊन असं की लोखंडाला हात लावता येत नव्हता.

बिगुल वाजला...

पहारेकरी तसाच जांभया देत होता. लव्हिनिया दारात आली, तर जोसायाच्या तोंडातून वाफ निघत होती. आणि घोड्याच्या आयाळीवर हिम.

तिने हाताने झटकलं. बोटं बधिर झाली.

तो निवृत्त झाला, ओहायोला परतला. झोपेत तो नावं पुटपुटायचा. पाद्री आले, डॉक्टर आले. सगळ्यांनी हवापालट सांगितला.

मग त्या वर्षीचा पहिला बर्फ. दोघं जेवायला बसले होते.

"मेजर, सूप गार होतंय," लव्हिनिया म्हणाली.

तो ऐकत होता.

आणि या वेळी... तिनेही ऐकलं.

बिगुल थांबला. मग खिडकीबाहेर, बर्फात, कुणीतरी नावं घ्यायला लागलं. शांतपणे. एकेक नाव, आणि प्रत्येकाला उत्तर.

"हा वेंडेलचा आवाज," जोसाया म्हणाला.

"बोलू नका." तिने त्याचा हात घट्ट धरला. "माझं ऐका, तोंड उघडू नका."

बाहेर आवाज क्षणभर थांबला...

"प्रुएट."

जोसाया उठून ताठ उभा राहिला. टाचा जुळवल्या.

"हजर."

बस्स. बाहेर कुणी नव्हतं. अंगणातल्या बर्फावर साधा पाखराचाही माग नव्हता.

जोसाया पुन्हा खुर्चीत बसला. आणि बसूनच राहिला.

तो मेला नाही. घास भरवला की गिळायचा. श्वास चालायचा. पण नाव घेऊन हाक मारली तर डोळा हलायचा नाही. लव्हिनिया रोज हाक मारायची. पेटत्या शेगडीजवळही त्याचा हात गोठलेला असायचा. कित्येक वर्षं तिने ते शरीर सांभाळलं.

शेवटी श्वासही थांबला. थडग्याचा दगड घडवणाऱ्याने विचारलं, मृत्यूची तारीख कुठली कोरू?

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली.

ती जागा तशीच कोरी आहे. दफनभूमी माझ्या रस्त्यावरच लागते. बर्फ पडत असला की मी लांबून वळसा घालून जातो.

आणि वाटेत कुणी माझ्या नावाने हाक मारली, तर ओ देत नाही.