पुढची रेघ

चिमी झोपली की माझं ऑफिस उघडतं. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि कान आतल्या खोलीकडे.

काम तसं कंटाळवाणंच होतं. आकडेमोडीच्या तयार कोडची एक जुनी लायब्ररी आहे. पूल बांधणाऱ्यांपासून हवामानवाल्यांपर्यंत सगळे वापरतात. ती लिहिलेली आहे कॉम्प्युटरच्या एका म्हाताऱ्या भाषेत, आणि आजची मुलं काम करतात नव्या भाषेत. दोघींच्या मध्ये दुभाष्यासारखा एक पातळ थर असतो, इंटरफेस. तो मी नवा करत होते. आमच्यात एक रीत आहे. जुनं फंक्शन, म्हणजे एखादं काम करणारा कोडचा तुकडा, एकदम उडवायचं नाही. आधी एक आवृत्तीभर इशारा द्यायचा, 'हे वापरू नका, काढणार आहोत', आणि मगच काढायचं.

"म्हणजे भाडेकरूला नोटीस," नवरा म्हणाला. "आईच्या माळ्यावरच्या पातेल्यांनाही एक देऊन टाक."

मी नोटीस दिली ते फंक्शन आकड्यांची रांग घ्यायचं आणि पुढचा एक किंवा मागाल तितके आकडे कुठले येतील त्याचा अंदाज द्यायचं. कुणीही ते वापरत नव्हतं. सगळा कोड धुंडाळला होता मी. तरी कोडच्या चाचण्या लावल्या आणि पडद्यावर इशारा उमटला. कुणीतरी त्याला बोलावलं होतं.

पुन्हा लावल्या. पुन्हा उमटला.

मग इशाऱ्यातच एक ओळ वाढवली, आत आलेले आकडेही दाखव म्हणून. ६९.८. ७१.१. ७२. ७२.६. चढणारे, पण चढता चढता दमल्यासारखे. कुठल्याच चाचणीत हे आकडे नव्हते.

लायब्ररी ज्यांनी लिहिली ते निवृत्त झालेत. त्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो. फोन लावला.

"गुरुजी, ते अंदाजाचं फंक्शन. कोण बोलावतंय तेच कळत नाहीये."

पलीकडे कपात चमचा फिरत होता. तो थांबला.

"किती पुढचं विचारतंय?"

"एकच आकडा."

"मग असू दे."

"असू दे म्हणजे?"

"उत्तर पडद्यावर छापून पाहिलंस का?"

"नाही अजून."

"नको पाहूस. मुलगी लहान आहे ना तुझी?" एवढं बोलून ते हवेबद्दल बोलायला लागले, ते फोन ठेवेपर्यंत.

चिमी उठली आणि धावत स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली, पाठ चौकटीला टेकून. "आई, माप!"

तिची वाढ जरा मागे आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. घाबरण्यासारखं काही नाही, असंही म्हणाल्या होत्या. तेव्हापासून मी चौकटीवर पेन्सिलीने रेघा ओढते. चिमी हलते, त्यामुळे प्रत्येक रेघेचं उजवं टोक खाली वाकतं. आकडे मात्र मी कधीच लिहीत नाही. भित्र्या माणसाने लिहू नयेत.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्या रेघांना टेप लावला.

६९.८. ७१.१. ७२. ७२.६.

नवऱ्याला सांगितलं. "कधीतरी मोजलं असशील, डोक्यात राहिलं असेल," तो म्हणाला. मला ते पटलं. पटवून घेतलं.

सकाळी चिमीला उभं करून नवी रेघ ओढली. मोजली नाही. तशीच टेबलाशी येऊन चाचण्या लावल्या. रांगेत एक आकडा वाढला होता, ७३.१. टेप घेऊन दाराशी गेले. ७३.१.

आणि या वेळी मागणी एका आकड्याची नव्हती. पुढच्या शंभरांची होती.

गुरुजींनी नको म्हटलं होतं. मी उत्तर छापलं.

आकडे चढत गेले. ऐंशी. नव्वद. शंभर ओलांडले तेव्हा मला चक्क बरं वाटलं. मग एक आकडा आला आणि त्याच्याखाली तोच. त्याच्याखाली तोच. पार शेवटपर्यंत.

माणसं वाढायची थांबतातच, मी स्वतःला म्हटलं. मोठी होतात आणि थांबतात.

जमिनीपासून टेप धरून उभी राहिले. तो आकडा माझ्या कमरेच्या जेमतेम वर येत होता.

मग मी रीत मोडली. इशारा नाही, आवृत्ती नाही. जुन्या भाषेतलं, नव्या भाषेतलं, मधल्या थरातलं, सगळं मुळापासून काढलं. चाचण्या लावल्या. सगळ्या पास. एकही इशारा नाही. कितीतरी वेळ मी त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसले.

"आई, माप!"

"सकाळी घेतलं ना गं, राणी."

"माप!"

वळून पाहिलं. चिमी चौकटीला पाठ टेकून उभी होती. तिच्या डोक्याच्या बऱ्याच वर, माझ्या कमरेच्या जेमतेम वर, एक रेघ होती.

"अरे, ही रेघ तू ओढलीस?" मी बाहेरच्या खोलीतल्या नवऱ्याला ओरडून विचारलं.

"कुठली? पेन्सिल तुझ्याकडेच असते की."

जवळ गेले. ती बाकीच्या रेघांपेक्षा जाड होती, काळीभोर. नखाने चाचपली, तेव्हा कळलं की ती एक रेघ नव्हतीच. एकाच जागी, एकावर एक, पुन्हा पुन्हा ओढलेल्या होत्या.

तळच्या थरातल्या रेघांची उजवी टोकं खाली वाकलेली होती. प्रत्येकीचं थोडं थोडं वेगळं. वरच्या थरातल्या रेघा मात्र अगदी सरळ होत्या, कुणी जराही न हलता उभं राहिल्यासारख्या.