टेबलावरची दहा टार्ट

रविवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून पोलिसांना फोन गेला. एकाहत्तर वर्षांची आई घरात नव्हती. अंगात पातळ राखाडी स्वेटर, पायात घरातल्या चपला, फोन चार्जरला लावलेला. दीड वर्षापासून तिला विसरायला होत होतं. पहाटेपर्यंत पारा चार अंशांवर उतरणार होता.

सातला दहा मिनिटं कमी असताना वहिनी त्या घराच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

वहिनी हे त्यांचं नाव नव्हे. हरवलेल्या माणसांचा खासगी तपास त्या बावीस वर्षं करत होत्या, आणि गाडी त्यांचे दीर चालवत. ते वहिनी म्हणत, म्हणून काम घेऊन येणारेही वहिनीच म्हणू लागले. दिरांना सगळे भाऊजी म्हणत.

त्यांना मुलाने बोलावलं होतं. तो छापखान्यातून धावत आला होता आणि अजून एका जागी बसलेला नव्हता. दार, खिडकी, पुन्हा दार. हवालदार नकाशा पसरून सांगत होता, की बाई पाचनंतर गेल्या, पायी गेल्या, म्हणजे दोन किलोमीटरच्या आतच असणार. बाग पाहून झाली होती, मंडई पाहून झाली होती.

“तलावाची बाजू?” वहिनींनी विचारलं.

“तिकडे रविवारी शेवटची बस चारला सुटते. पाचला निघालेली बाई तिकडे कशी जाईल?”

वहिनी टेबलाकडे वळल्या. निळ्या मेणकापडावर दहा टार्ट मांडलेली होती, पाच-पाचच्या दोन ओळी. प्रत्येकात क्रीम, वर स्ट्रॉबेरीच्या चकत्यांचं फूल, मधोमध किवी, आणि पातळ केलेल्या जॅमचा ब्रश फिरवून आणलेली चकाकी. टेबलाच्या कडेला दोन टार्ट मावतील अशा छोट्या खोक्यांची चळत आणि दोरीचं रीळ. रिळाची दोरी ताजी कापलेली होती.

खिडकीकडच्या पाच टार्टांची क्रीम खाली बसली होती, चकत्या घसरून काठाला आल्या होत्या. बाकीची पाच ताठ होती. बसलेली आणि ताठ यांच्यामधून एक तिरकी रेघ ओढता आली असती. मेणकापडाचा खिडकीकडचा भागही तसाच तिरका फिकटलेला होता.

मागे कुरकुर असा आवाज आला. भाऊजींनी ताठ टार्टांपैकी एक उचललं होतं.

“पुरावा होता तो, भाऊजी.”

“म्हणूनच चाखला. तळ अजून कडक आहे, वहिनी. क्रीम भरून फार वेळ झालेला नाही. बाईंच्या जाण्याची वेळ बरोबर आहे.”

वहिनी कचऱ्याच्या डब्यात पाहत होत्या. स्ट्रॉबेरीचे देठ, किवीची सालं, आणि त्यांच्याखाली दोन संत्र्यांची सालं. फोडींवरचे पापुद्रेही सोलून टाकलेले होते, अगदी नाजूक हाताने.

सुनेला त्यांनी आधी विचारलं. ती घरून टार्टच्या ऑर्डरी घेई. हे काम तिला सासूनेच शिकवलं होतं. तिने सांगितलं, की सकाळी बारा वाट्या भाजल्या, म्हणजे टार्टची ती कुरकुरीत पोकळ बुडं. क्रीम फ्रीजमध्ये ठेवली आणि दुसरी ऑर्डर पोचवायला दोनला निघाले. नणंद दोनलाच येणार होती. तिचा फोनही आला, कोपऱ्यावर आहे म्हणून.

“मग मी थांबले नाही,” सून म्हणाली. “थांबायला हवं होतं.”

“वाट्यांना आतून काही लावता?”

“वितळलेलं पांढरं चॉकलेट. ते आईंचं काम. आज वार कोणता हे दिवसातून चारदा विचारतात, पण चॉकलेटचा हात द्यायला एकदाही विसरल्या नाहीत. ओल खाली उतरत नाही मग, पाच-सहा तास.”

भाऊजींनी हातातला उरलेला तुकडा हळूच बशीत ठेवला.

“आणि हा पडदा?”

“मी दुपारी लावूनच ठेवते. पावणेतीनला ऊन टेबलावर येतं, चारला समोरच्या इमारतीआड जातं. तेवढ्यात क्रीमची वाट लागते. पण आईंना रस्ता बघायला आवडतो. माझी पाठ वळली की पडदा उघडा.”

पडदा आता उघडाच होता.

मुलीला सगळे ताई म्हणत. ती रुग्णालयात परिचारिका होती आणि बोलताना गळ्यातल्या स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्या सांगण्याप्रमाणे ती दोनला आली, आईशी गप्पा मारल्या, साडेचारला दोघींनी मिळून टार्ट भरली. पाचला ती गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेली. वीस मिनिटांनी खाली आली तर दार उघडं.

“वीस मिनिटं? कपडे आणायला?” भावाने खिडकीपाशी उभ्यानेच विचारलं.

“तू कधी आणलेस? तुला काय माहीत किती वेळ लागतो?”

“मला एवढं माहीत आहे की तू होतीस आणि आई गेली.”

सून मधे पडली नसती तर ते तिथेच थांबलं नसतं. वहिनींनी मुलाला बाजूला घेतलं. फ्रीजच्या दारावर चुंबकाने एक छापील अर्ज लावलेला होता, वृद्धांच्या निवासाचा. खालची सहीची जागा कोरी होती. तो म्हणाला, गेल्या महिन्यात आई अशीच बाहेर पडली, ताईचाच दिवस होता. तेव्हाच त्याने बजावलं होतं, की पुन्हा असं झालं तर सही करेन.

“मला हौस नाही हो,” तो म्हणाला. “पण दिवसभर मशीनवर उभा असतो आणि कान फोनकडे असतात.”

“घरात स्ट्रॉबेरी न खाणारं कोण?”

त्याला प्रश्न कळायला क्षणभर लागला. “कोणी नाही. मावशी खायची नाही, आईची धाकटी बहीण. अंगावर गांधी उठायच्या. पण तिला जाऊन सहा वर्षं झाली. का?”

सात वीसला वहिनींनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. स्वतः त्या उभ्याच राहिल्या.

“भाऊजींनी तळ पाहिला आणि फसले. वाटीला आतून चॉकलेट आहे. चार तासांनी खाल्ली तरी ती कुरकुरणार. तळ वेळ सांगत नाही, क्रीम सांगते. यातली पाच बसली आहेत, पाच ताठ. थंडीचे दिवस आहेत, बसायचं कारण एकच, ऊन. मेणकापडही त्याच तिरक्या रेघेपर्यंत फिकटलेलं आहे, म्हणजे रोजचं ऊन इथवर येतं. आणि ते चारला जातं.”

हवालदाराने पेन उघडलं.

“साडेचारला भरलेल्या टार्टांना ऊन लागलंच नसतं. ही भरली तेव्हा चार वाजायचे होते, आणि नंतर ती उन्हात बराच वेळ राहिली. पडदा ओढायला घरात कोणी नव्हतं.” त्या मुलीकडे वळल्या. “ताई, तुम्ही किती वाजता आलात?”

स्कार्फ सुटला. पुढचं तिने खाली बघूनच सांगितलं. ती साडेचारला आली होती. कोपऱ्यावर नव्हतीच. रुग्णालयाजवळ तळमजल्यावरची एक खोली पाहायला गेली होती. आईला आपल्याकडे न्यायचं, अर्जाची भानगडच नको, असा तिचा बेत होता. घरमालकाने दोन तास ताटकळत ठेवलं. आली तेव्हा दार नुसतं ओढलेलं, टेबलावर टार्ट. आई खालीच असेल म्हणून तासभर एकटीच शोधत राहिली.

“खरं सांगितलं असतं तर तू सही केली असतीस,” ती भावाला म्हणाली.

भाऊ पहिल्यांदाच खुर्चीवर बसला होता.

“भांडण नंतर,” वहिनी म्हणाल्या. “वाट्या बारा होत्या. इथे दहा होती, एक भाऊजींच्या पोटात. दोन कमी. दोरी कापलेली आहे, म्हणजे एक खोका बांधला गेला. कचऱ्यात संत्र्याची सालं आहेत, पण टेबलावरच्या एकाही टार्टावर संत्रं नाही. ती दोन संत्र्याची होती. पापुद्रे काढून, निगुतीने केलेली. स्ट्रॉबेरी न चालणाऱ्या माणसासाठी.”

“मावशी,” सून हळूच म्हणाली. “परवापासून म्हणत होत्या, धाकटीकडे जाऊन बरेच दिवस झाले. मी हो ला हो केलं.”

“मावशी राहायच्या कुठे?”

“तलावापलीकडे,” मुलगा म्हणाला. “शेवटचा थांबा. घर बंदच असतं आता.”

हवालदार नकाशाची घडी घालत उठला. बस-आगारात फोन लागायला सहा मिनिटं गेली, दुपारच्या वाहकाचा नंबर मिळायला आणखी अकरा. वाहकाला बाई चांगल्या आठवत होत्या. तीन वीसची गाडी. मांडीवर खोका. घाटाच्या प्रत्येक वळणावर त्यांनी तो दोन्ही हातांनी सपाट धरला होता आणि एकदा त्यालाही दटावलं होतं, गाडी जरा सावकाश घ्यायला सांगा, क्रीम आहे आत. सव्वाचारला त्या शेवटच्या थांब्यावर उतरल्या. जवळजवळ साडेतीन तासांपूर्वी.

आठला पाच कमी असताना भाऊजींनी गाडी घाटाला लावली. मागे बहीणभाऊ बसले होते. मधल्या जागेवर आईचा जाड कोट होता, दोघांचाही एकेक हात त्यावर. सून फोनपाशी घरी थांबली होती. काचा धुरकटल्या होत्या आणि भाऊजी पुढची काच पुन्हा पुन्हा पुसत होते.

“कोणाचं चुकलं वहिनी, यात?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“रस्त्यावर लक्ष द्या.”

आठ पंचविसला हवालदाराचा फोन आला. तलावाकडच्या चौकीची माणसं घरापर्यंत पोचली होती. वहिनींनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

दाराला बाहेरून कुलूप होतं. पायरीवर खोका होता, दोरी सोडून नीट गुंडाळून झाकणावर ठेवलेली. आत संत्र्याचं एक टार्ट होतं, दुसऱ्याच्या जागी रिकामा कागद. हाका मारल्या, उत्तर आलं नाही. आसपास कोणी दिसलं नाही.

“आणखी एक,” हवालदार म्हणाला. “मागच्या अंगणाच्या फाटकाला आतून कडी आहे, म्हणजे आत कोणीतरी आहे. आमची माणसं भिंतीवरून उतरताहेत.”