वेळंब्याचे चढणजीव

प्रयोगशाळेतला ओढा साडेतीन मीटर लांब होता. काचेच्या पन्हळीत वेळंबा ओढ्याचंच पाणी, वेळंब्याचाच गाळ. वरच्या टोकाला एक बारीक नळी थेंबाथेंबाने विष सोडत होती. त्या नळीवर सुलक्षणा मेस्त्रीने चिठ्ठी डकवली होती : 'कंपनी'.

"सोडू?" तिने विचारलं.

"आधी नीट सांग," डॉ. इरफान परकार म्हणाला. ती सूक्ष्मजीवतज्ज्ञ, तो विषतज्ज्ञ. दोघं एकाच तालुक्यातले, आणि शिकून परत आलेले. असे फार नसतात.

"पावसाळ्याच्या तोंडाला मासे प्रवाहाच्या उलटे वर चढतात, तसे हे जीवाणू चढतात. म्हणून चढणजीव. मी त्यांना एकच वास शिकवलाय, कंपनीच्या अमर रसायनाचा. ते जिकडे दाट, तिकडे हे पोहतात. जिथे सगळ्यात दाट, तिथे बसतात आणि पाण्यातला चुना ओढून दगड होतात."

"मग नवे येतात ते कुठे बसतात?"

"त्याच दगडावर. बसलेले जीव विष स्वतःत साठवतात, म्हणजे ती जागा आणखी दाट होते. एकदा सुरुवात झाली की बूच वाढतच जातं."

कंपनी तव्यांना न चिकटणारा लेप बनवत असे. त्यातलं हे रसायन. पाण्यात विरघळतं, पण कुजत नाही, जळत नाही, पोटात गेलं तर पचत नाही. अमर म्हणजे अमर.

तिने पिपेट रिकामी केली. चाळीस मिनिटांत 'कंपनी' बंद पडली. नळीच्या तोंडात पांढरा खडा बसला होता.

"आणि यांना मारायचं कसं?"

"मारायचं कशाला?" सुलक्षणा म्हणाली.

तिची आई गेल्या वर्षी मूत्रपिंडं निकामी होऊन गेली होती. वेळंबा मित्र मंडळात आई पहिल्या दिवसापासून. अकरा वर्षं दर रविवारी ही माणसं ओढ्यात उतरत. प्लास्टिक उपसलं, वरच्या डोंगरउतारावर चर खणले, झाडं लावली. मेलेला ओढा बारमाही केला. काम संपलं की ओढ्यातलेच खेकडे धरून काठावर कालवण शिजे. वाढायला आई. 'आमचा ओढा खाण्याजोगा आहे' ही मंडळाची मिरवायची गोष्ट. कंपनीने त्यांना नाव छापलेले टी-शर्ट दिले आणि त्यांचे फोटो स्वतःच्या अहवालात टाकले. आई गेली तेव्हा पुष्पचक्र पाठवलं, त्यावरही कंपनीचं नाव. सुलक्षणाने ते नेऊन कंपनीच्या गेटला टांगलं होतं.

अधूनमधून सरकारी तपासणी होई आणि दरवेळी उत्तर तेच : सांडपाणी मर्यादेत आहे.

त्या रविवारी तिने कंपनीच्या सांडपाण्याच्या पायपाच्या खाली, ओढ्यात चढणजीव सोडले. कुणाला विचारलं नाही.

दहा दिवस झाले. पायपातून पाणी वाहतच होतं.

अकराव्या दिवशी आप्पा धुलप लंगडत आले. मंडळाचे अध्यक्ष, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. "सुलू, वढ्यात पायाला काच लागली व्हती. जखम भरली, पन आत कायतरी टोचतंय."

इरफानने पोटरी चिरली. आतून हरभऱ्याएवढा पांढरा खडा निघाला.

सुलक्षणाने तो ओळखला.

इरफानने आप्पांचं रक्त तपासलं, पायपाचं पाणी तपासलं आणि कागद तिच्यापुढे आपटला. "पायपात एकवीस. आप्पांच्या रक्तात दोन हजार एकशे. तुझ्या जीवांनी चूक केली नाही. तू सांगितलंस, जिथे सगळ्यात दाट तिथे जा. ते गेले."

"पायपातच दाट असायला हवं! विष तिथून येतं!"

"येतं, पण पातळ होऊन. बोअरचं पाणी मिसळून सोडतात, म्हणून तर ते मर्यादेत. पुढे ते गाळात बसतं. गाळ किडा खातो, किडे खेकडा खातो, खेकडे आपण. प्रत्येक तोंडागणिक ते दाट होत जातं. कंपनीने सोडलं पातळ, दाट आपण केलं, कालवण करून."

"म्हंजे वढा आमी साफ केला," आप्पा हळूच म्हणाले, "म्हनून खेकडं आलं. खेकडं आलं म्हनून आमी खाल्लं."

सुलक्षणाला आईचं ताट दिसत होतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाचा दाट रस्सा ती घ्यायची.

"आप्पा, मी तुम्हाला मारलंच असतं," ती म्हणाली. "कुणीही पाण्यात उतरू नका. ओढ्यात तुमच्याहून विषारी काही नाही. जखम दिसली की ते शिरणार."

"मंग वढा कोनी बघायचा? कंपनीनं?" आप्पांनी तो खडा बोटात धरून उजेडात पाहिला. "पोरी, त्यांना दाट पायजे ना? मंग आमचं रगात नेऊन ठेव त्यांच्या पायपात."

इरफानने कागदावरचे आकडे पुन्हा पाहिले. हिशेब बरोबर होता.

पुढच्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या हॉलवर मंडळाचं रक्तदान शिबिर भरलं. बॅनर, केळी, बिस्किटांचे पुडे, सगळं रीतसर. आत जाण्याआधी प्रत्येकाला खरं काय ते सांगितलं. एकेचाळीस जण होते, एकही परत गेला नाही. इरफानने स्वतः सुया टोचल्या. "हे रक्त कुणाला देता येणार नाही," तो म्हणाला, "पण काढल्याने तुमच्या अंगातलं विष थोडं उतरेल."

"उतरू दे," एक बाई म्हणाली. "ज्याचं हाय त्याच्या घरात जाऊन पडू दे."

रक्तातला विषाचा अंश आटवून त्यांनी तो एका मडक्यात भरला. मडकं पाझरतं, तेच हवं होतं. रविवारी सकाळी आप्पा गुडघ्याच्या वर येणारे बूट चढवून, कंपनीचाच टी-शर्ट घालून पायपात शिरले आणि मडकं कोपऱ्यात घट्ट बसवून आले. वरच्या सुरक्षारक्षकाने सवयीने सलाम ठोकला.

नवव्या दिवशी पायप बंद झाला. दहाव्या दिवशी सांडपाणी कंपनीच्या आवारात चढलं. अकराव्या दिवशी व्यवस्थापक दिघावकर आपल्या केबिनमध्ये टेबलावर पाय घेऊन बसले होते, कारण खाली फेस होता. संध्याकाळी ते प्रयोगशाळेत आले.

"मॅडम, तुम्हीच केलंय. माहीत आहे मला. हरकत नाही. आम्ही तक्रार करणार नाही. उद्या माणसं लावून फोडून टाकतो, विषय संपला."

सुलक्षणाने चप्पल घातली आणि सरळ पोलीस ठाण्यात गेली. दिघावकर मागोमाग.

"मी सरकारी परवानगीशिवाय बदललेले जीव ओढ्यात सोडले," तिने इन्स्पेक्टर वाघधरेबाईंना सांगितलं. "मग कंपनीचा पायप बुजवला. गुन्हा नोंदवा. त्या जीवाणूंमुळे एका माणसाचा जीव जाता जाता राहिला, तेही लिहा."

"साहेब, आमची काहीच तक्रार नाही!" दिघावकर बाईंनाच साहेब म्हणाले.

"परवानगीचा गुन्हा सरकारविरुद्ध आहे. त्याला तुमची तक्रार लागत नाही," सुलक्षणा म्हणाली. "आणि पुरावा फोडला तर तो तुमचा गुन्हा."

वाघधरेबाईंनी पेन उघडलं. हवालदाराला पायप सील करायला पाठवलं. "मुद्देमालात काय लिहू?"

"एक दगड. आत मडकं. मडक्यात एकेचाळीस जणांचं आटवलेलं रक्त. त्यात जे सापडेल ते कोणत्या कारखान्यात बनतं, हे तुमची तपासणीच सांगेल."

"हे लिहू नका," दिघावकर म्हणाले. "मॅडम, तुम्ही आत जाल. सात वर्षं."

"जाईन. तुम्हाला सोबत घेऊन."

दारात गलका झाला. आप्पा काठी टेकत आत आले, मागे उरलेलं मंडळ. व्हरांडा भरला, आवार भरलं. आप्पांनी काठी टेबलाला टेकवली, बाही वर सारली आणि सुईची खूण पुढे केली.

"बाय, माझं नाव पयलं लिव," ते वाघधरेबाईंना म्हणाले. "माझं सगळ्यात दाट हाय."