लगाम धरणारा

यात तिखट-मीठ काही नाही. मी स्वतः तिथे होते, म्हणून सांगतेय. गेल्या थंडीतली गोष्ट, माझ्या ताईच्या घरातली.

दाजींना जुन्या वस्तूंचं भारी वेड. त्या शनिवारी त्यांनी भलंमोठं तैलचित्र आणलं. काळा घोडा, त्यावर ताठ बसलेला स्वार आणि डाव्या कडेला लगाम धरून उभा नोकर. सोफ्यामागच्या भिंतीला ते हातभर मोठं झालं.

"कापू नका, कापड मागे दुमडून देतो," फ्रेमवाला म्हणाला.

"फुगेल ते. कापा! नोकराचं काय लोणचं घालायचंय?" दाजी म्हणाले.

नोकर कापला गेला. हॉल मात्र झकास दिसायला लागला, खोटं कशाला बोलू!

संध्याकाळी ताई नि मी स्वयंपाकघरात होतो. हॉलमधून आवाज आला.

टक्... टक्...

"चिमे, उड्या मारू नकोस गं!" ताई ओरडली.

चिमी, तिची सहा वर्षांची लेक, आमच्या मागेच उभी होती.

हॉलमध्ये कोणी नव्हतं. चित्रातला ताणलेला लगाम... सैल लोंबत होता.

"तुम्ही दोघी ना, साप साप म्हणून भुई धोपटता," दाजी हसले.

दुसऱ्या दुपारी सोफ्यावर झोपलेली चिमी किंचाळत उठली. खांद्यावर काळानिळा वळ होता...

घोड्याच्या नालाएवढा.

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चित्र उतरवून जाळलं. टापा थांबल्या नाहीत. फ्रेमवाल्याकडे धावले, तर कापलेला तुकडा त्याने कधीच कचऱ्यात टाकला होता. चिमीला मी माझ्या घरी आणलं...

टापा माझ्या जिन्यात वाजल्या.

तिला परत नेलं. त्याच दिवशी आवाज तिच्या खोलीच्या दाराशी आला, तसे दाजी मध्ये आडवे उभे राहिले. हात वर करून त्यांनी नुसती हवाच पकडली.

आवाज थांबला.

तेव्हापासून कोणीतरी तिथे उभं असतं. हात वर, मूठ घट्ट. दाजी, ताई, मी, पाळीपाळीने. मुठीत काही दिसत नाही. पण गरम, ओलं चामडं लागतं.

"जनावरच ते, दमेल कधीतरी," दाजी म्हणतात.

मीही हो म्हणते. त्यांना काय सांगू?

परवा दाराशी उभं राहायची पाळी माझी होती. एकदम जोराची ओढ बसली, चिमीच्या खोलीकडे. मी पाय रोवून उभी राहिले. जनावर बिचारं थरथरत होतं, मागे सरत होतं... त्याला जायचंच नव्हतं.

वरून कोणीतरी टाच मारत होतं.