कट म्हणाचं राह्यलं

संध्याकाळी सहाच्या आत स्पर्धेची फिल्म अपलोड झाली नाही, तर सोमवारपासून मले मामाच्या टायरच्या दुकानात बसाचं होतं. घरात तसं ठरूनच गेलतं. अन् स्पर्धावाल्यांनी विषय दिला आदल्या दिवशी: प्रतीक्षा. आता पांढरकवड्यात प्रतीक्षा कायची दाखवावी लेका, बसची?

हायवेजवळच्या बंद जिनिंगात, कापसाच्या जुन्या कारखान्यात, शूटिंग लावलं. माहा दोस्त मोईन कॅमेऱ्यावर, मी डायरेक्टर. आईचं काम करणारी बाई ऐन वेळी पलटली, फोनही उचलेना. माह्या तोंडचं पाणीच पळालं. तेवढ्यात मोईननं बोट दाखवलं. वजनकाट्यापाशी एक म्हातारी बसून होती. अंगाले जुन्या सरकीचा वास, केसांत कापसाचे तंतू.

"आजी, दारात बसाचं, रस्त्याकडं पाहाचं. पोराची वाट पाहून राह्यली, असं. मी कट म्हणेपर्यंत उठाचं नाही."

"अन् मंग?"

"मंग सुट्टी."

"मंग पोराच्या घरी जाऊ ना?"

मले घाई. "हो ना आजी! कट म्हटलं का चाल माह्या घरी."

ती बसली अन् काय बसली बाप्पा! पापणी हलवली नाही. मी पाहतच राह्यलो, अन् बॅटरी गेली. मोईननं कार्ड काढलं, कॅमेरा बॅगेत कोंबला अन् आम्ही गाडीवर सुटलो. म्हातारीचं ध्यानातही राह्यलं नाही.

घरी एडिटिंग उरकलं, एक्स्पोर्ट लावलं. ते संपेचना.

"अबे अश्वजित," मोईन म्हणे, "शेवटचा शॉट मोठा होऊन राह्यला."

"येडा झाला का?"

पाह्यलं. शॉट भर दुपारचा होता. आता त्यात ऊन उतरलतं, आमच्या खिडकीत उतरलं होतं तसंच. म्हातारी तशीच बसून. शॉटचं शेपूट कापलं, तर पुन्हा वाढलं. कॅमेरा तर बॅगेत बंद पडला होता.

मोईननं गाडीची चाबी उचलली. "चाल, तिले उठवून येऊ."

"अन् फिल्म? सहा वाजत आले बे!" मी रडकुंडीले आलतो. घड्याळाकडं पाहावत नव्हतं, नाकात आत्तापासूनच टायरचा वास बसला होता.

मी स्क्रीनजवळ तोंड नेलं. हळूच म्हटलं, "कट."

म्हातारी उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. लुगडं झटकलं. माह्याकडं पाहून हसली अन् फ्रेमच्या बाहेर गेली.

एक्स्पोर्ट झालं. अपलोड झालं. सहाच्या आत! मोईनच्या गळ्यात पडून मी खरंच रडलो.

मंग सरकीचा वास आला.

"दादा," बाहेरून माही बहीण दीपा बोलली, "तू कोण्या आजीले घरी बलावलं का? पायी आली म्हणते."

मी स्क्रीनकडं पाह्यलं.

"पाय धुवाले पाणी नेलं मी. तिच्या पायाले धूळच नाही."