मेल्यावर हलायचं नाही

"तू मला फसवलंस!"

अंबरनाथ स्टेशनवरून एमआयडीसीकडे निघालेल्या शेअर रिक्षात, ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लटकलेला तरुण गर्रकन मागे वळून ओरडला. मागे बसलेल्या मैत्रेयीच्या मांडीवरचा डबा खाली पडता पडता वाचला.

"ओ! मी काय फसवलं तुम्हाला? ओळख ना पाळख!"

"सॉरी, सॉरी... नाटकाचं पाठांतर चाललंय." त्याचे कान लाल झाले. "पण... खरं वाटलं का?"

"छे! बायकोनं फसवलंय की कुणी पाकीट मारलंय, तेच कळेना."

यावर तो इतका मोकळा हसला, की मैत्रेयी आपल्या कंपनीच्या गेटवर उतरायची विसरली!

त्याचं नाव सुजित. वांगणीचा, एका कारखान्यात फिटर. मैत्रेयी केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. त्याच्या कामगार नाट्यमंडळाची नायिका नुकतीच लग्न करून नाशिकला गेली होती. मग काय, आठ दिवसांत मैत्रेयी तालमीत! रोज सकाळी वांगणीला लोकलमध्ये चढला की सुजित एक मिस्ड कॉल द्यायचा, आणि मैत्रेयी बदलापूरच्या घरात उगाचच आरशात बघायची.

नाटक होतं शोकांत. मित्राच्या चुगलीवर विश्वास ठेवून नवरा आपल्या निर्दोष बायकोचा गळा दाबतो. सुजितला प्रेमाचे प्रसंग फारच छान जमायचे... पण संशय काही केल्या जमेना. तो गळा दाबायला यायचा, तेव्हा मफलर गुंडाळायला आल्यासारखा वाटायचा.

दिग्दर्शक विष्णुपंत वैतागले. पंधरा वर्षं कामगार नाट्यस्पर्धेत उतरून हाती फक्त उत्तेजनार्थ बक्षिसं, आणि यंदा तर ते नोकरीतून निवृत्त होणार होते. एका संध्याकाळी त्यांनी मैत्रेयीला आणि मित्राचं काम करणाऱ्या धर्मराजला बाजूला घेतलं.

"पोराला संशय ठाऊकच नाही. आपणच थोडा द्यायचा. धर्मराज, तू त्याच्या कानात सोड, मैत्रेयी लॅबमधल्या केमिस्टच्या बाइकवरून उल्हासनगरला फिरते म्हणून. आणि मैत्रेयी, त्यानं विचारलंच तर तू फक्त गप्प राहा. स्पर्धेपुरतं गं!"

तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण बक्षीस तिलाही हवं होतं... आणि खरं सांगायचं तर, हा आपल्यासाठी किती जळतो ते बघायची हौसही होती. तेवढी लबाडी तिच्या अंगात होतीच.

दोनच दिवसांत सुजितनं विचारलं, "शनिवारी कुठे होतीस?"

"होते... इथेच."

"एकटीच?"

मैत्रेयीनं नुसते केस मागे सारले.

तालमीत सुजित पेटला. विष्णुपंत खुशीत हात चोळायला लागले. पण सकाळचा मिस्ड कॉल बंद झाला. सुजित तिच्यासाठी न थांबता आधीचीच रिक्षा पकडून निघून जायला लागला. मैत्रेयीचं कशात लक्ष लागेना. लॅबमध्ये ती एकच नमुना दोनदा तपासायची. सांगून टाकावं... नको, स्पर्धा होऊ दे. उद्या सांगू... चार आठवडे तिनं हेच केलं.

स्पर्धेच्या दिवशी, तिसऱ्या अंकाआधी, तिला विंगेत त्याच्या हातावरचं बँडेज दिसलं. दोन अंक त्यानं तो हात शालीत लपवला होता.

"हे काय?"

"मशीनवर लक्ष नव्हतं. बोट वाचलं."

"सुजित, कसला केमिस्ट नाही नि काही नाही. सगळं ठरवून केलं आम्ही... तुझं काम चांगलं व्हावं म्हणून. मी मुद्दाम गप्प राहिले."

"चार आठवडे झोपलो नाही मी, मैत्रेयी. आणि तू रोज समोर उभी होतीस."

घंटा झाली.

रंगमंचावर सुजितनं वाक्यं सगळी म्हटली, पण आग विझली होती. गळ्यावर ठेवलेले त्याचे हात ताप बघितल्यासारखे हलके होते. "दाब ना!" मैत्रेयी कुजबुजली. त्यानं दाबला नाही. शेवटी तिला आपली आपणच मरावं लागलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

आता नवऱ्याचं लांबलचक स्वगत होतं. सुजित प्रेताशेजारी गुडघ्यांवर बसला आणि गप्पच झाला. "देवा, काय केलं मी... अरे, देवा म्हण!" विष्णुपंत विंगेतून वाक्य देत होते. सुजित मैत्रेयीच्या कानाशी वाकला.

"पुन्हा असं करशील माझ्याशी?"

ती डोळे मिटून पडली होती. परीक्षक समोरच होते. पडदा पडायला पाच मिनिटं उरली होती, तेवढी निश्चल राहिली असती तर विष्णुपंतांचं नाटक अजूनही सावरलं असतं. उत्तर काय, नंतरही देता आलं असतं! पण एकदा गप्प राहून तिनं त्याची काय दशा केली होती, ते सांगणारं बँडेज तिच्या गालाला लागत होतं.

तिनं मान हलवली. चांगली दोनदा, सगळ्या थिएटरला दिसेल अशी.

"नाही," प्रेत मोठ्यानं म्हणालं. "कधीच नाही!"

थिएटर हसून हसून लोळलं. विष्णुपंतांनी कपाळावर हात मारला. आणि सुजितनं स्वगत तिथंच सोडून, भर उजेडात, आपल्या मेलेल्या बायकोला हात देऊन उठवलं.